पहिली चिठ्ठी

केरूनं भिंतीत खिळा ठोकला आणि पहिल्याच घावाला पोपडा सुटून त्याच्या बायकोच्या, मालनच्या फोटोवर पडला. त्यानं तो शर्टाच्या बाहीनं हळूच पुसला. मग खाटेवरची नवी फ्रेम उचलून त्यानं फोटोशेजारी धरून पाहिली.

"सरळ आहे का गं, आई?"

"आहे," स्टोव्हपाशी बसलेली कुसाबाई न बघताच म्हणाली.

फ्रेममध्ये बोटभर रुंदीची एक चुरगळलेली चिठ्ठी होती. एवढ्याशा कागदाला केवढी तरी काच. घाबरू नका, स्वस्थ राहा, बाकीचं देव पाहील, अशा अर्थाचं वचन तिच्यावर लिहिलेलं होतं. अक्षर कुसाबाईच्या नवऱ्याचं, पुंजाराम मास्तरांचं. मिशनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी बायबलमधली वचनं अशा चिठ्ठ्यांवर उतरवून, घट्ट गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीत भरून ठेवली होती. मास्तर गेल्यावर पेटी कुसाबाईकडे आली. शरणपुरात चर्चमागच्या त्या चाळीत कुणाची मुलाखत असो की कुणाची सोयरीक, लोक तिच्याकडे येत. ती डोळे मिटून प्रार्थना करी आणि एक चिठ्ठी काढी. एकच. मनासारखी निघाली नाही म्हणून दुसरी काढायची नाही, हा मास्तरांचा दंडक होता. अख्ख्या हयातीत कुसाबाईनं तो एकदाच मोडला होता.

फोटोखाली तारीख होती, १४ नोव्हेंबर १९७८. मालन गेली तो दिवस. त्याला आता महिना झाला म्हणून आज रविवारी चार वाजता मंडळी प्रार्थनेला येणार होती. केरू साक्ष देणार होता; देवानं आपल्याला कसं सांभाळलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार होता. महिनाभर हा माणूस त्या चिठ्ठीला धरूनच तगला होता. देवानं स्वस्थ राहायला सांगितलं होतं, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असेलच, असं तो येईल-जाईल त्याला सांगे. ते ऐकलं की कुसाबाई उठून मोरीकडे जाई.

त्या मंगळवारी केरू सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. मालनला सातवा महिना चालू होता. नऊच्या सुमाराला ती सासूसमोर दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आत्या, डोकं फुटतंय. डोळ्यांपुढं अंधारी येतीय. दवाखान्यात जाऊ या का?"

तिच्या पायांवर सूज होती. कुसाबाईला ती दिसली नाही, असं नाही. पण याआधी दोनदा टांगा करून तिला नेलं होतं आणि दोन्ही खेपांना काहीच निघालं नव्हतं. शिवाय त्या दिवशी अकरा वाजता महिला मंडळाची सभा होती. देवावरचा भरवसा या विषयावर कुसाबाईला बोलायचं होतं. आठ दिवस ती भाषण घोकत होती.

तिनं पेटी उघडली. पहिली चिठ्ठी निघाली ती उठून निघण्याची, उशीर न करण्याची. कुसाबाईनं ती मुठीत दाबली आणि दुसरी काढली.

"बघ, देव काय म्हणतो," असं म्हणून ती मालनच्या हातात दिली. मालननं वाचली, मान हलवली आणि निमूट आडवी झाली.

सभेत कुसाबाई फार छान बोलली. बायकांनी डोळे टिपले. घरी परतली तेव्हा मालनची दातखीळ बसली होती आणि अंगाला झटके येत होते. टांगा दवाखान्याच्या फाटकात शिरायच्या आतच सगळं आटोपलं. पोटातलं मूलही गेलं. मालनच्या मुठीतली चिठ्ठी केरूनं स्वतः सोडवून घेतली. पहिली चिठ्ठी मात्र कुसाबाईला जाळवली नाही की पेटीत परत टाकवली नाही. ती तिच्या चष्म्याच्या घरात, पुसायच्या फडक्याखाली पडून होती.

"आज काय बोलणार ते ऐकतेस का?" केरू स्टुलावरूनच म्हणाला. "माझी बायको गेली. पण माझं देवाशी भांडण नाही. कारण त्यानं आधीच—"

कुसाबाईनं स्टोव्हची हवा सोडली. खरं सांगितलं तर या पोराजवळ उरणार काय? आणि त्यानं घराबाहेर काढलं, तर या वयात आपण जायचं कुठं? पण आपलं पाप देवाच्या अंगावर ढकलून महिनाभर आपण दोन वेळा जेवलो आणि त्याला भरवसा म्हणालो, याची तिला आता शिसारी आली.

"केरू, खाली उतर."

तिनं चष्म्याचं घर उघडलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोनदा वाचली.

"ही कधीची?"

"आधीची."

"त्याच दिवशीची?"

"हो. दडवली मी. मला सभेला जायचं होतं."

आता हा ओरडेल, पेटी अंगणात भिरकावेल, म्हणून ती अंग चोरून बसली. केरू खाटेच्या कडेला टेकला. चिठ्ठी गुंडाळत, उलगडत राहिला.

"सकाळी मी निघालो तेव्हा ती नळापर्यंत माझ्या मागं आली होती," तो म्हणाला. "आज जाऊ नका म्हणाली. तोंड सुजलं होतं गं तिचं. त्या महिन्यात पर्मनंटची यादी लागायची होती. एक खाडा पडला असता तर माझं नाव गेलं असतं. मी म्हणालो, आईला वचन काढायला सांग."

कुसाबाईनं चष्म्याचं घर मिटलं.

"फ्रेम मी उगाच नाही केली, आई. त्या चिठ्ठीआड मीही लपलो होतो," तो म्हणाला आणि चिठ्ठी त्यानं तिच्या तळहातावर परत ठेवली.

बाहेर चपला वाजल्या. "सलाम, कुसाबाई," म्हणत चर्चचे पाळकसाहेब आत आले. त्यांच्यामागून निफाडकडच्या खेड्यातून आलेली मालनची आई, धोंडाबाई. चाळीतली माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. धोंडाबाईनं लेकीच्या फोटोवरून हात फिरवला.

"काढा वचन, सुरुवात करू," पाळकसाहेब म्हणाले.

कुसाबाईनं पेटीचं झाकण दाबून बसवलं. "आज नको. आज आधी आम्हा दोघांना बोलायचंय."

केरू उठून तिच्या शेजारी उभा राहिला. फ्रेम त्यानं खाटेवर पालथी घातली.

"बोला ना. पण विहीणबाई, आधी माझ्या लेकीला निघालेलं वचन वाचून दाखवा," धोंडाबाई म्हणाली. "देव तिच्याजवळ व्हता, येवढ्यावर तर मी दिस काढते हाय."

धोंडाबाईला वाचता येत नव्हतं. फ्रेममधलीच चिठ्ठी वाचली असती तरी तिला कळलं नसतं. कुसाबाईनं मुठीतली पहिली चिठ्ठी उलगडली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.