सहलीचा फोटो

लातूर जिल्हा झाला आणि मार्तंड सरांच्या अंगात आलं. इतकी वर्षं नाट्यस्पर्धेला जायचं ते उस्मानाबादच्या नावाखाली. आता नांदेडच्या स्पर्धेत पडदा उघडायच्या आधी माइकवरून 'जिल्हा लातूर' असं म्हणतील, हे सर शाळेत मराठीचा तास चालू असतानाही मनातल्या मनात म्हणून बघायचे. दुष्काळाचं साल होतं. मृग कोरडा चालला होता, गल्लीत टँकर आला की हंड्यांवरून भांडणं व्हायची. सरांच्या डोक्यात मात्र नाटक.

आणि नाटक म्हणजे चांगुणा. शिरूर अनंतपाळची, नुकतीच बी. ए. झालेली. ती स्टेजवर नुसती येऊन उभी राहिली तरी मागच्या रांगेतली पोरं शेंगा खायची थांबत. "मी काही शिकवलं नाही हो," सर भेटेल त्याला कौतुकानं सांगायचे, "तिच्या रक्तातच आहे."

त्याच जूनमध्ये एका दुपारी तिचे वडील लिंबाजी सरांच्या लातूरच्या घरी आले. एके काळी गावोगाव गाजलेल्या जलसा पार्टीचे ते मुख्य गायक. आता रोजगार हमीच्या रस्त्यावर मुकादम होते आणि आवाज पार बसलेला. दोन वाक्यं बोलले की खाकरावं लागायचं.

"सर, औरंगाबादला नाटकाचं कालेज हाय म्हनं. दोन वर्साचं. येत्या सोमवारी निवड हाय. पोरगी इचार करायलीय, जावं का न्हाई. म्हनली, सरांना इचारा, ते म्हनतील तसं करू."

नांदेडची स्पर्धा सप्टेंबरात. चांगुणा जुलैत औरंगाबादला गेली की नाटकात उरतं काय? दोन खुर्च्या आणि नट म्हणून बँकेतला एक कारकून.

खरं उत्तर त्यांना चांगलं माहीत होतं. वीस वर्षांमागं ते पुण्याला तीन महिन्यांच्या नाट्यशिबिराला गेले नसते तर आज शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडदा ओढत बसले असते. उभं कसं राहायचं, श्वास कुठून घ्यायचा, घसा न ताणता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवायचा, सगळी शिदोरी तिथलीच होती.

"अहो लिंबाजीराव," सर म्हणाले, "नाटक काय कॉलेजात शिकून येतं? उलट बिघडेल पोरगी. हे रक्तातच असावं लागतं, आणि तिच्या ते आहे. प्रशिक्षणबिशिक्षण सगळं ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठी."

लिंबाजींची नजर भिंतीवर गेली होती. तिथं एक फोटो होता. तीन रांगांत बसलेली पंचवीसेक तरुण मुलं-मुली, मधोमध पिकल्या केसांचे एक गुरुजी, आणि कडेला भरपूर केस असलेले मार्तंड सर.

"ह्यो फोटू कुठला, सर? लई तरणे दिसायलाव."

"तो ना? तो... सहलीचा."

सरांची बायको गोदावरी अर्धा अर्धा कप चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सरांकडं एकदा बघितलं आणि कप खाली ठेवले. लिंबाजी निघाले तेव्हा स्टँडचा जवळचा रस्ता दाखवायला म्हणून ती फाटकापर्यंत गेली.

सर काही खोटं न बोलणारे नव्हते. तालमीसाठी हेडमास्तरांना त्यांनी कितीतरी वेळा पोटदुखी सांगितली होती. पण ही थाप घशाखाली उतरेना. तालमीत चांगुणा नेहमीसारखी वेळेवर आली, एकदाही कॉलेजचा विषय तिनं काढला नाही. तिला असं वागताना बघून सरांना तर स्वतःचीच लाज वाटायला लागली. पुढच्या वर्षी जाईल की, असं त्यांनी मनाला समजावून बघितलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालेलं असेल, हे त्यांचं मनच त्यांना ऐकवायचं.

त्यांनी फोटो काढून कपाटात ठेवला. मग भिंतीवर त्याच्या जागी एक पांढरा चौकोन दिसायला लागला. तो सरांकडं फोटोपेक्षा जास्त बघायला लागला, म्हणून सरांनी फोटो परत लावला.

"कुठं गेली होती हो तुमची सहल?" गोदावरीनं पोळ्या लाटता लाटता विचारलं. "मला नाही कधी नेलं."

सर जेवता जेवता उठले.

रविवारी सकाळी त्यांनी तालीम रद्द केली आणि शिरूरची एसटी धरली. गाडीभर एकच हिशेब. दुपारच्या गाडीनं पोरगी निघाली तरी उद्या सकाळी औरंगाबादला पोचते. लिंबाजीरावांचे पाय धरायची वेळ आली तरी धरायचे. नांदेडचं काय व्हायचं ते होवो.

लिंबाजी घरीच होते. चांगुणाच्या आईनं, नागुबाईनं, पाण्याचा तांब्या सरांच्या हातात दिला. पाणी अर्ध्यापर्यंतच होतं. आधी बोलून टाकावं म्हणून सरांनी ते तोंडाला लावलं नाही.

"लिंबाजीराव, तो फोटो सहलीचा नव्हता."

"ठावं हाय."

"कसं?"

"वहिनीनं तवाच फाटकात सांगितलं. शिबिराचा हाय म्हनल्या."

सरांचे कान तापले. म्हणजे थाप त्याच दिवशी उघडी पडली होती, आणि ते एकट्या त्यांनाच माहीत नव्हतं. "मग आत्ताच्या आत्ता चांगुणाला काढा. दुपारची गाडी मिळेल, मी स्वतः बसवून देतो."

"ती पहाटंच गेली, मामासंगं. म्हनली, सरांना इतक्यात कळू देऊ नगा, त्यांना वाईट वाटंल. निवड झाली तर म्या सोता जाऊन सांगते."

चुकलं माझं, असं सर म्हणाले, पण ते त्यांनाच नीट ऐकू आलं नाही.

"खरं सांगू का सर," लिंबाजी खाकरून म्हणाले, "त्यो फोटू नसता तरीबी म्या तिला धाडलं असतं. तुमी म्हनलाव, रक्तात हाय. माझ्याबी रक्तात हाय म्हनायचे लोक. रातरातभर गायलो. आवाज कुठून काढावा ते कुणी सांगितलं न्हाई, चाळिशीत घसा गेला. आन् दुसरं म्हंजे, 'तुमच्या रक्तातलंच काम हाय' म्हनून गाववाले माझ्या बापाला मेलेली ढोरं वढायला लावत हुते. छप्पन साली धम्म घेतला आन् आमी ते सोडलं. आता पोरीनं काई बी करावं, पर रक्तातलं म्हनून नगं. शिकून करावं."

ते हे रागानं बोलले असते तर सरांना सोपं गेलं असतं. पण लिंबाजी पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होते, अगदी शांतपणे.

"पानी घ्या की, सर."

सरांनी तांब्या उचलला.

"जाताना पोरगी इचारत हुती," लिंबाजी म्हणाले, "आजवर कुनापाशी शिकलीस आसं तिथं इचारलं तर काय सांगू? सर तर सगळ्यांला सांगतेत, म्या तिला काई शिकवलं न्हाई म्हनून."

"मग?"

"म्या म्हनलं, सरांचंच नाव सांग."

तांब्यात पाणी थोडंच होतं. तेवढंही सरांच्या घशाखाली उतरलं नाही.