हिरव्या चौकोनातली पोर

मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर तक्ता लागला आणि धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी म्हणजे तिसरीच्या 'ब' तुकडीच्या बाई. 'अ' तुकडीच्या बाई म्हणजे तिची थोरली जाऊ. एकाच घरात राहायचं, एकाच शाळेत शिकवायचं आणि दोन्हीकडे एकमेकींना पाण्यात पाहायचं, असा यांचा संसार!

तक्त्यावर प्रत्येक मुलाचा एक चौकोन. वाचता येत असेल तर हिरवा, नसेल तर लाल. धाकटीची तुकडी निम्मी लाल. थोरलीची अशी हिरवीगार, की बकऱ्या चरायला सोडाव्यात.

"पुढच्या वर्षाचा आराखडा या तक्त्यावरूनच ठरणार," मुख्याध्यापक म्हणाले. मागून सगळी शाळा त्यांना 'टक्के सर' म्हणायची. "वाचन शिकवायला एक जादा बाई मिळणार आहेत. लाल चौकोनातल्या मुलांना त्या रोज घेऊन बसतील. हिरव्यांना गरज नाही."

खरं तर धाकटीने खूश व्हायचं. पण तिची स्वतःची पोर थोरलीच्या वर्गात होती आणि तिचा चौकोन हिरवा होता. काल त्याच पोरीला औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता येईना. नुसतं आपलं 'मला धडा पाठ आहे, मला धडा पाठ आहे' चाललं होतं. हिरव्यात राहिली तर ही अशीच वर्गावर वर्ग चढणार आणि तिला वाचायला कोणी शिकवणार नाही.

"सर, माझ्या पोरीचा चौकोन खोटा आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीने नाक मुरडलं. "घरचं भांडण इथे कशाला? हिची तुकडी लाल, म्हणून माझी डोळ्यांत खुपते."

"माझी लाल आहे कारण मी खरं ते भरलं. तुम्ही रंगरंगोटी केलीत, जाऊबाई."

"शाळेत बाई म्हण."

"म्हणेन की. आधी बाईंसारखं शिकवा!"

टक्के सरांनी टेबलावर हात आपटला. "पुरे! पोरीला बोलवा. आत्ताच काय तो सोक्षमोक्ष लावू."

पोर आली. एक वेणी सुटलेली, हाताला खडू. चाचणीला होडीचा धडा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटीने टेबलावरचं पुस्तक उचलून मुद्दाम उंटाचा धडा काढला, चित्रावर पंजा ठेवला आणि पान पोरीसमोर धरलं. "वाच."

पोरीने ओळीवर बोट ठेवलं आणि गाडी सुटली. "नदीकाठी एक होडी होती. होडीत एक म्हातारा बसला होता..." खणखणीत आवाज, कुठे अडखळणं नाही. बोटसुद्धा ओळीओळीने बरोबर सरकत होतं.

"झालं समाधान?" टेबलापलीकडून थोरली म्हणाली.

धाकटीने पंजा उचलला. "सर, यात होडी कुठे आहे ती दाखवा मला."

सर चष्मा सावरत वाकले. पोर आपली म्हणतच होती, तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्याने वल्हं उचललं, होडी पलीकडे लागली, आणि तरीही सर पानावरच्या उंटाकडे बघत होते.

"बाई, हा काय प्रकार आहे?"

"प्रकार?" थोरली भडकलीच. "मागच्या वर्षी माझी तुकडी लाल होती, तेव्हा तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं करून झापलंत. तेव्हा दिलीत जादा बाई? नोटीस दिलीत! तुम्हाला लाल नको होतं ना? मग घ्या हिरवं!"

 सरांनी उठून पोरीच्या चौकोनावर लाल पेन फिरवलं. "'अ' तुकडीची चाचणी पुन्हा होईल. नव्या धड्यावर."

धाकटीला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांचं उट्टं एका पानात निघालं. पोरीचा हात धरून ती तोऱ्यातच बाहेर पडली.

"आई, मी चुकले का गं?"

"एक शब्दही नाही."

"मग सरांनी सगळ्यांसमोर मला लाल का केलं?"

"तुला वाचता येत नाही म्हणून. ते पान उंटाचं होतं, बाळा."

"माहीत आहे," पोर म्हणाली. "तुझ्या हाताखालून उंटाचा पाय दिसत होता."

धाकटी जागीच थांबली. "मग बोलली का नाहीस?"

"तू वाच म्हणालीस. मला फक्त होडीच येते." पोरीने मान वर करून आईकडे पाहिलं. "तुला माहीत होतं ना आई, मला येत नाही ते?"

  तेवढ्यात मागून थोरली आली आणि त्यांच्याकडे न बघता पुढे निघाली. पोरीने आईच्या हातातून आपला हात ओढून घेतला.

"मोठी आई, थांब ना!" ओरडत ती पळाली.

शाळेत बाई म्हणायचं असतं. पण थोरलीने तिला टोकलं नाही. तिने पोरीला पोटाशी धरलं आणि तिची सुटलेली वेणी घालायला घेतली.