सत्त्याऐंशीवं पान

मी एक जुनी वही आहे खरी, पण मित्रांनो, मला तुमच्या गणिताच्या वह्यांत जमा करू नका. मी प्रयोगशाळेतली नोंदवही आहे. जाड पुठ्ठा, त्यावर काळं कापड, दोऱ्याची पक्की शिलाई. पानं दोनशे, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छापील आकडा. आकडा अशासाठी, की कुणी पान फाडलं तर लगेच कळावं. आज माझ्यात एकशे नव्याण्णव पानं आहेत. ते कळलं तेव्हा काय झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

बाइंडरच्या टेबलावरून मी थेट बाईंच्या हातात आले. बाई म्हणजे रेणवीय जीवशास्त्रज्ञ. हुशार, देखणं अक्षर, आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या. पहिल्या पानावर त्यांनी तारीख टाकली तेव्हा मी अगदी फुलून गेले. वाटलं, नशीब काढलं! काय सांगू, नव्या कोऱ्या वहीला अक्कल कमीच असते.

बाईंचा विषय होता पायांचा आजार. त्या आजारात माणसाचे पाय हळूहळू लुळे पडतात. तो उंदरांनाही व्हावा म्हणून बाईंनी उंदरांच्या जनुकात मुद्दाम एक बिघाड घातला होता. म्हणजे आधी आजारी पाडायचं, मग औषध द्यायचं, आणि बरे झाले की मारून आतून बघायचं. बरे नाही झाले तरी मारायचंच. हे सगळं मी पानोपानी अंगावर लिहून घेतलं. तुला चालतं का, असं मला कुणी विचारलं नाही. उंदरांनाही नाही.

प्राणिघर सांभाळायचे मामा. सगळी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणायची. पिंजरे धुणं, दाणापाणी, पिल्लांच्या कानाला भोकं पाडून नंबर देणं, आणि शेवटी गॅसच्या डब्यात घालणं, सगळं त्यांच्याकडे. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. वह्यांचं कपाटही प्राणिघरातच होतं आणि त्याची किल्ली मामांच्या कमरेला असायची. "मामांवर माझा डोळे झाकून विश्वास आहे," असं बाई पाहुण्यांना सांगायच्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

मामांचं शिक्षण बेताचंच, पण हात मोठा शहाणा होता. उंदराला शेपटीला धरून अलगद उचललं की निरोगी उंदीर मागचे पाय फाकवतो. आजारी मात्र पाय पोटाशी आवळून घेतो. इतरांना हे पिल्लू मोठं झाल्यावर दिसायचं, मामांना चौथ्या आठवड्यातच बोटांना जाणवायचं. म्हणून नंबर देताना ते आवळणारी पिल्लं आधी घ्यायचे आणि फाकवणारी नंतर. बाई हसायच्या. "मामा, तुमचं ज्योतिष झालं का? आता माझं विज्ञान सुरू करते." मामाही हसायचे. त्यांना राग असा यायचाच नाही, आणि तेच पुढे अंगाशी आलं.

विज्ञान म्हणजे असं. प्रत्येक पिल्लाच्या शेपटीचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा, एकेका नळीत टाकायचा, नळ्या ओळीने स्टँडमध्ये ठेवायच्या आणि यंत्राकडून विचारून घ्यायचं, बिघाड आहे की नाही. स्टँडला पंधरा भोकं. त्याच्या डाव्या टोकाला मामांनी लाल चिकटपट्टी लावली होती, म्हणजे एक नंबर कुठला ते चुकायला नको. एके दिवशी तो जुना स्टँड तडकला आणि नवा आला, काचेसारखा स्वच्छ, दोन्ही टोकं सारखी.

"ताई, याला लाल पट्टी लावू द्या," मामा म्हणाले.

"मामा, आता मला डावं-उजवं शिकवणार का?"

झालं! पट्टी मामांच्या खणातच राहिली.

त्या दिवशी पंधरा पिल्लं होती. मामांनी मला पुढ्यात घेतलं आणि सत्त्याऐंशीव्या पानाच्या कडेला बॉलपेनने लिहिलं, '१ ते ८ पाय आवळतात. ९ ते १५ नाही.' मामा पेन इतकं दाबून लिहायचे की माझ्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचायचं. मग बाईंनी नळ्या भरल्या. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. पाहुणे येणार, निकाल कधी दाखवता? बाई एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने स्टँड उचलून यंत्राशी गेल्या आणि तो उलटा ठेवला, डावं टोक उजवीकडे. मी शेजारीच होते. उघडी होते. वहीला तोंड नसतं, मित्रांनो, नाहीतर मी किंचाळले असते.

त्यामुळे पंधराव्याचा निकाल पहिल्याला लागला आणि पहिल्याचा पंधराव्याला. बाईंनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, '१ ते ७ निरोगी, जास्तीचे, काढून टाका. ८ ते १५ आजारी, औषध सुरू.'

मामांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, उलटं झालंय. पहिली सात आवळतात. मी स्वतः उचलून पाहिलीत. एकदा परत बघा ना."

"तुमची बोटं खरी की माझं यंत्र?"

"यंत्रच खरं. पण ताई, आपल्या हातून काही..."

"मामा! आजच्या आज काढून टाका. पिंजरे मोकळे हवेत मला."

मामांनी माझ्यावर आणखी एक शब्द लिहिला, 'चुकतंय.' मग ती सात पिल्लं डब्यात ठेवली, एकेक करून, आणि झाकण लावून नळ फिरवला. पाय पोटाशी आवळूनच ती गेली. खरोखरची आजारी, ज्यांच्यासाठी ते औषध केलं होतं, ती कचऱ्याच्या पिशवीत. आणि आठ धडधाकट नंबरांना औषध सुरू!

आठ धडधाकट म्हणाले मी, पण त्यात एक खरा आजारी होता. विचार करा बरं कोण? आठवा. पंधरांच्या ओळीत आठवा मधला. स्टँड कसाही फिरवा, मधला मधेच राहतो.

महिन्याभराने बाईंनी त्यांना फिरत्या दांड्यावर चालवलं. सात जण झकास चालले. चालणारच, त्यांना झालं काय होतं? आठवा दोन पावलांत खाली आपटला. तीनदा चढवला, तीनदा आपटला. बाईंनी अठ्ठ्याऐंशीव्या पानावर लिहिलं, 'आठवा अशक्त, वगळला.' त्या सगळ्या खोलीत खरं बोलणारा तो एकटाच होता, आणि त्यालाच डब्यात घातलं.

मग काय विचारता! टाळ्या, हारतुरे, फोटो. मोठ्या साहेबांनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं आणि म्हणाले, "या वहीत शेकडो रुग्णांची आशा आहे." मी लाजून चूर झाले. हो, लाजेने, कौतुकाने नव्हे. पाय लुळे पडलेल्या माणसांची पत्रं येऊ लागली. औषध कधी मिळेल, असं ती विचारायची. बाई ती पत्रं माझ्याच पानांत खुणेला ठेवायच्या.

दोन वर्षं गेली. दुसऱ्या प्रयोगशाळांनी तेच औषध देऊन पाहिलं. कुणाचाच उंदीर चालेना. चौकशी बसली. तेव्हा एका दुपारी बाईंनी दार लावून फ्रीजरमधून त्याच पंधरा शेपट्यांचे उरलेले तुकडे काढले. आणि काय केलं माहीत आहे? मामांच्या खणातून लाल पट्टी शोधून आणून स्टँडला लावली. निकाल आला, एक ते आठ आजारी. बाईंनी यंत्र बंद केलं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "मामा बरोबर होते."

मला वाटलं, आता त्या पेन उचलतील. त्यांनी स्टीलची पट्टी उचलली. सत्त्याऐंशीवं पान शिलाईपाशी दाबून धरलं आणि एका झटक्यात फाडलं. मग शेपट्यांचे ते तुकडे मोरीत टाकून पाणी सोडलं.

चौकशीत बाईंनी सांगितलं, "पिल्लांच्या नंबरांची अदलाबदल झाली असणार. मामांचं वय झालं, नजर राहिली नाही. मीच लक्ष द्यायला हवं होतं."

मोठ्या साहेबांनी मामांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि त्यांची एकच इच्छा होती, की शेवटच्या दिवशी मान वर करून दारापर्यंत जावं. आरोप ऐकून ते घाबरले नाहीत. उलट त्यांना हायसंच वाटलं. "साहेब, वही बघा ना. सत्त्याऐंशीवर मी लिहून ठेवलंय," ते म्हणाले. त्यांचा माझ्यावर केवढा विश्वास!

साहेबांनी मला उघडलं. शहाऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी.

"पान फाडलंय," साहेब म्हणाले. "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. "ताई, तुम्ही वाचलं होतंत ना? सांगा की यांना."

बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "मामा, तुम्ही असं कराल असं मला वाटलं नव्हतं."

कुणी पान फाडलं तर कळावं म्हणून छापलेला माझा आकडा, मित्रांनो, त्यानेच मामांचा गळा धरला. त्याच दिवशी त्यांना काढलं. प्रकरण पुढे नेऊ नका, म्हातारे आहेत, अशी शिफारस बाईंनी केली, तर सगळे म्हणाले, "किती मोठं मन!" पहारेकऱ्याने मामांची पिशवी दारात उलटी करून तपासली. आतून एक जेवणाचा डबा आणि जुनी चप्पल निघाली. मागून कुणीतरी हाक मारली, "ओ पानफाडे!" आणि सगळे हसले. मामा खाली मान घालून गेले.

आज मी एका खोक्यात आहे. खोक्यावर लिहिलं आहे, 'मुदत संपली, नष्ट करा.' चिंध्या करणारं यंत्र पलीकडच्याच खोलीत आहे, आवाज येतो. मला माझं वाईट वाटत नाही. माझा पुठ्ठा पुसा, मला जपून ठेवा, अशी विनवणी मी करणार नाही. मी फक्त एक सांगते, मामा दाबून लिहायचे. त्यांची अक्षरं खालच्या पानावर उमटली आहेत, शाईशिवाय, नुसत्या खाचा. बाईंनी त्या खाचांवरच 'आठवा अशक्त, वगळला' लिहिलं, तेव्हा त्यांचं पेन प्रत्येक खाचेवर अडखळलं होतं. चौकशीच्या दिवशी ते पान सगळ्यांच्या समोर होतं. कुणी नुसतं खिडकीशी तिरपं धरलं असतं, तरी दिसलं असतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी या खोलीत वेळेवर पोचलं, तर मला अठ्ठ्याऐंशीव्या पानावर उघडा आणि उजेडात तिरपं धरा. मग मामांचं घर शोधा. ते असतील, तर त्यांना इथे घेऊन या आणि दारापर्यंत त्यांच्याबरोबर एकदा चाला.