उतरलेला विंचू

बारावीच्या पोरांना मज्जातंतू शिकवताना मी पुस्तक मिटून ठेवते. उसाला दारं धरलेली पोरं ती; सरीत पाणी सोडायचं आणि भरली की दार बुजवायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. पेशीच्या पडद्यातही प्रथिनांची दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत घुसतं, निरोप पुढं जातो, दार लगेच मिटतं. आत आलेलं सोडियम दुसरं एक प्रथिन मोटरीसारखं बाहेर उपसत राहतं. विंचवाचं विष त्या दाराला मिटूच देत नाही. पोरांना हे चटकन कळतं. अंथुर्ण्याच्या आमच्या घरात मात्र कुणाला कळून घ्यायचं नव्हतं.

माझी धाकटी जाऊ सोनम पाचट उचलताना किंचाळली. लाल विंचू होता. मी गाडी काढा म्हणाले, तर सासूबाईंनी विंचू उतरवणाऱ्या सोपानतात्यांना बोलावलं. ते मंत्र पुटपुटत कडुलिंबाचा टहाळा तिच्या खांद्यापासून खाली फिरवत राहिले. थोड्या वेळानं सोनम म्हणाली, "आता दुखत न्हाय." तिला दरदरून घाम फुटला होता, हात गार पडले होते.

"उतरला," तात्या म्हणाले. लगेच चहा ठेवला गेला.

"आत्या, इख उतरलं न्हाय, अंगभर पसरलंय," मी सासूबाईंना म्हणाले. "आतली दारं मिटंनात, म्हणून घाम सुटलाय."

"दार उघडंच हाय की," सासूबाई म्हणाल्या. "मास्तरीणबाई, तुमी निघा."

कॉलेजात माझ्या शब्दाला मान. घरात मी नुसती थोरली सून, तीही बिनलेकराची.

सोनमला धाप लागून तोंडाला फेस आला, तेव्हा कुठं तिच्या नवऱ्यानं, राजवर्धननं, जीप काढली. मी तिला धरून मागं बसले. बारामतीच्या दवाखान्यात गोळी दिली, ऑक्सिजन लावला. ती वाचली नाही. "इतका वेळ काय करत होता?" डॉक्टरांनी विचारलं. राजवर्धन माझ्याकडं बघू लागला, जणू मीच अडवलं होतं.

गावाचा निकाल दहाव्याच्या आत लागला. विंचू उतरलाच होता. थोरल्या सुनेनं, कौसल्येनं, दवाखान्यात नेऊन मारली. सोपानतात्यांचा मान आणखी वाढला. माझ्या रागाला घरात जागा नाही.

सोनमची लेक छकुली माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. परवा परसात ती पाय धरून रडत होती. मुंगळा चावला होता, बाकी काही नाही. मी उचलायला वाकले, तर ती आजीच्या पदरात शिरली.

"काकीला हात लावू दिऊ नगं," ती आजीला म्हणाली. "ती दवाखान्यात न्हेती."