एका म्हशीचे दोन मालक

दोन हजार तीन साली राजारामपुरीत, एका कापडदुकानाच्या माडीवर, यशराज सरांची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनीत तीन माणसं, चार संगणक आणि भिंतभर आकृत्या. सर पुण्याला आठवडाभराचा कोर्स करून आले होते. तेव्हापासून "आधी मॉडेल, मग काम" हे ते इतक्यांदा म्हणत, की खालचा कापडवालाही गिऱ्हाइकांना तेच ऐकवायला लागला होता.

काम आलं होतं दूध संस्थांच्या जनावरांच्या नोंदीचं. कुठलं जनावर, कुणाचं, लस कधी. त्यासाठी तीन मॉडेलं ठरली. पहिलं सरांचं: जनावर, मालक, संस्था यांची एकमेकांशी नाती काय. दुसरं जोतीरामचं: ही माहिती संगणकात कुठल्या तक्त्यात ठेवायची. तिसरं संघप्रियाचं: पडद्यावर कुठले रकाने दिसायचे. तिन्ही मॉडेलं एकाच म्हशीबद्दल बोलतायत, अशी सरांची श्रद्धा होती.

संघप्रिया उचगावची, नोकरीला नवीन. नवीन असल्यामुळे ती तिन्ही मॉडेलं शेजारी ठेवून वाचायची. ही वाईट सवय कंपनीत दुसऱ्या कुणाला नव्हती. तिसऱ्या आठवड्यात तिला दिसलं, की सरांच्या आकृतीत एका म्हशीला एकच मालक आहे आणि जोतीरामच्या तक्त्यात दोन चालतात.

"जोतीदा, हे दोन मालक कुठनं आलं?" तिनं विचारलं.

"आमच्या घरातनं," जोतीराम म्हणाला. "एक म्हैस, दोघं भाऊ. सकाळची धार माझी, सांजची थोरल्याची."

"मग सरांच्या आकृतीत का न्हाय?"

"सरांच्या घरात म्हैस न्हाय."

ती सरांकडे गेली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॉडेल चुकत नसतं. माणसं चुकतात."

मग तिनं जेवणाच्या सुट्टीत बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो तिन्ही मॉडेलं वाचायचा आणि कुठे त्यांचं आपसात जमत नाही त्याची यादी काढायचा. पहिल्याच दिवशी चौसष्ट ठिकाणं निघाली. तिनं यादी सरांच्या टेबलावर ठेवली.

"कालपर्यंत एकही चूक नव्हती," सर यादी चाळत म्हणाले. "तुझा प्रोग्रॅम आला आणि चौसष्ट झाल्या. बंद कर तो."

चौसष्ट चुकांवरचा हा रामबाण उपाय करून सॉफ्टवेअर संस्थांना पोचलं.

दीड महिन्यानं आक्काताई जिना चढून आल्या. जयसिंगपूरजवळच्या एका महिला दूध संस्थेच्या त्या अध्यक्षा. हातात छापील यादी.

"पावणं, ह्यो कम्प्युटर तुमचाच न्हवं?"

"हो. बसा ना," सर म्हणाले.

"बसायला न्हाय आलो. माझी न् जाऊबाईची, बनाबाईची, मिळून एक म्हैस हाय. मंगळवारी डॉक्टर लाळ-खुरकताची सुई टोचून गेला. बुधवारी परत दारात! यादीत म्हैस दोनदा. मी म्हटलं, आरं बाबा, ही तीच हाय. त्यो म्हणतोय, कम्प्युटर म्हणतोय दुसरी हाय. दारात आडवी हुबी ऱ्हायलो, तवा गेला."

सरांच्या आकृतीप्रमाणे पडद्यावर मालकाचा रकाना एकच होता, म्हणून संस्थेत म्हैस एकदा आक्काताईंच्या नावानं भरली आणि एकदा बनाबाईंच्या. जोतीरामच्या तक्त्यात दोन मालक चालत, त्यामुळे त्यानं दोन्ही नोंदी बिनतक्रार घेतल्या.

सरांनी भिंतीकडे बोट केलं. "आमच्या मॉडेलप्रमाणे एका म्हशीला एकच मालक असतो."

"मग बनीला काय सांगू? मॉडेलनं तुला म्हशीतनं काढलं? न्हायतर ती दुसरी म्हैस दावा. दूध देत आसंल तर घिऊन जातो."

सरांना कोर्समध्ये हे शिकवलेलं नव्हतं. संघप्रियानं जुनी यादी आक्काताईंपुढे धरली. पहिलीच ओळ मालकाची होती. नोकरी गेली, हे तिनं मनात धरलंच होतं.

"हे कवा काढलंस, बाई?"

"तुम्हाला सॉफ्टवेअर द्यायच्या आधी."

आक्काताई सरांकडे वळल्या. "ही पोरगी माझ्या गोठ्यात पाठवा. तिला सगळं दावतो," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

पुढचे तीन आठवडे तिघं यादी घेऊन बसले. चौसष्टपैकी एकेचाळीस ठिकाणी सरांचीच आकृती बदलावी लागली. कुणीही आपलं मॉडेल बदललं, की आधी संघप्रियाचा प्रोग्रॅम चालवायचा, असा नियम झाला. तो सरांनीच केला आणि त्याला "यशराज पद्धत" असं नाव दिलं.

त्या पद्धतीवर त्यांनी एका इंजिनिअरिंग कॉलेजात भाषणही दिलं. कुणीतरी विचारलं, "सर, हे सुचलं कसं?"

"अनुभवातून," सर म्हणाले.

सरांबरोबर आलेली संघप्रिया मागच्या बाकावरून उभी राहिली. "सर, बनाबाईंच्या म्हशीचं सांगा की."

सगळं सभागृह सरांकडे बघायला लागलं. सर घसा खाकरून म्हणाले, "ते... ते तूच सांग. तुझंच आहे ते."

तिनं सांगितलं. पोरं हसली, मग प्रश्न विचारायला लागली. भाषण संपल्यावरही व्हरांड्यात वही उघडून ती तिन्ही मॉडेलं काढून दाखवत राहिली, आणि तिची उचगावची बस चुकली.