पडद्याआडची झडती

झलिहाचे पाय सकाळीच भरून आले होते. बेटावरच्या हाहाया विमानतळावर बायकांची झडती घेणाऱ्या दोघीच. त्यातली दुसरी भाचीच्या लग्नाला गेलेली. नैरोबीचं विमान उशिरा येणार होतं, तरी रांग लागली होती. पडद्याआड एकेक बाई यायची, हात पसरायची, झलिहा खांद्यापासून घोट्यापर्यंत चाचपायची आणि पुढे सोडायची.

मग मोइनूर आत आली. झलिहाची एकुलती एक लेक, नवऱ्याकडे मार्सेयला निघालेली. शेजारच्या बेटावर शाळेत शिकवायची. काल संध्याकाळी बोटीने आली, दोन घास खाऊन झोपली. अंगभर गुंडाळलेलं सैल लाल-पांढरं शिरोमानी कापड. झलिहाचे हात सवयीने कमरेवरून फिरले आणि पोटावर थांबले.

"कितवा?"

"सातवा लागलाय."

"आणि मला हे झडती घेताना कळतंय."

"आई, सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस का?"

नसतंच दिलं. लेकीला घर आईने बांधून द्यायचं आणि पहिलटकरणीने त्याच घरात बाळंत व्हायचं, ही बेटावरची रीत. झलिहाने इथे उभं राहून राहून ते घर उभारलं होतं. गेल्याच महिन्यात दारं निळी रंगवून घेतली होती.

"अबुदू तिकडे एकटाय," मोइनूर म्हणाली. "बापाला फक्त फोनवर ओळखणारं पोर मला नकोय. मी तशीच वाढले ना."

झलिहाचा नवराही याच दारातून गेला होता. बाहेर कुणीतरी खाकरलं.

"इथल्या डॉक्टरला दाखव," ती म्हणाली. "त्याशिवाय मी सोडणार नाही."

"त्याने अडवलं तर?"

"तर घरी चल."

तिने मोइनूरला डॉक्टरकडे न्यायला विमानतळावरच्या साहेबांच्या हवाली केलं आणि पुन्हा कामाला लागली. बायका येत होत्या, हात पसरत होत्या. डॉक्टरने नाही म्हणावं, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती. बऱ्याच वेळाने साहेब सांगत आले, की तब्येत चांगली आहे, डॉक्टरने परवानगी दिलीय.

रांग संपल्यावर ती आतल्या बाकावर लेकीशेजारी टेकली. डब्यातली उकडलेली केळी आणि तळलेली मासळी दोघींनी मिळून खाल्ली. मोइनूरने आईचे पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि दाबत बसली. झलिहाने नको म्हटलं नाही. रडायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

"बाळाला घेऊन येईन," मोइनूर म्हणाली.

"ये. फार उशीर करू नकोस."

विमान दुपार कलताना उडालं. झलिहा मोरोनी शहराकडे जाणाऱ्या वडापच्या गाडीत कोंबून बसली आणि समुद्र दिसायच्या आत शेजारी बसलेल्या बाईच्या खांद्यावर तिचा डोळा लागला. त्या अनोळखी बाईने तिला तशीच झोपू दिलं.