परसातला भारीट

निलंग्याच्या शरणम्माबाईंना माणसांबद्दल चांगलं बोलणं कधी जमलं नाही, आणि जमावं असंही त्यांना वाटलं नाही. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करून त्या घरी बसल्या. मग परसात लोखंडी खांबावर तेलाच्या डब्याचं झाकण ठोकलं आणि रोज सकाळी त्यात ज्वारी, राळं टाकू लागल्या. पाखरं खाऊन निघून जात, आपलं मत सांगत बसत नसत. त्यांचं नि पाखरांचं जमलं ते एवढ्यावरच.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. त्या सकाळी झाकणावर चिमण्यांच्या घोळक्यात एक वेगळाच पाहुणा दिसला. अंगानं चिमणीहून लांबट, चोच गुलाबी, डोकं हिरवट राखी, गळा फिकट पिवळा. ज्वारीच्या शिवारात दर हिवाळ्याला उतरणारे भारीट बाईंच्या ओळखीचे होते. हा भारीटच, पण त्यांच्यातला नव्हे. त्यांनी पाखरांच्या पुस्तकाची पानं तीनदा चाळली. ऑर्टोलन भारीट. युरोपातून आफ्रिकेकडं जाणारा, वाट चुकून क्वचित एखादा आपल्याकडं येणारा.

"अहो, जरा हिकडं या," त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

रामलिंग पेपर वाचत होते. "काय हाय?"

"पाखरू."

"मग असू द्या की," म्हणत त्यांनी पान उलटलं.

बाईंनी त्यांना पुन्हा हाक मारली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोबाइलवर एक फोटो काढला आणि लातूरला अमरनाथला फोन लावला. अमरनाथ त्यांचाच विद्यार्थी. चौथीत असताना शेजारच्याच्या वहीत बघून गणितं सोडवायचा. आता पक्षीमित्र मंडळाचा अध्यक्ष होता, शाळाशाळांतून भाषणं द्यायचा.

"बाई, चिमणीची मादी असंल," तो हसून म्हणाला. "तुमचं वय झालं. नजर दगा देते."

बाईंनी फोटो धाडला. अकराव्या मिनिटाला त्याचा फोन आला. आता तो हसत नव्हता.

"कुणाला सांगू नका, बाई. मी निघून राहिलो."

दुपारच्या आत गाडी दारात उभी राहिली. पाच जण उतरले. सगळ्यांच्या अंगात खिसेच खिसे असलेली जाकिटं, गळ्यात नळकांड्याएवढाले कॅमेरे. पाणी द्यायला आलेल्या रामलिंगना एकानं बाजूला व्हायला सांगितलं. दुसऱ्यानं, फोटोत येते म्हणून, शेवग्याची फांदी मोडली. विचारलं नाही. तिसरा कोथिंबिरीच्या वाफ्यात गुडघे टेकून बसला. अमरनाथनं मोबाइलवर त्या पक्ष्याचा आवाज लावला. तो ऐकताच परसातल्या चिमण्यासुद्धा उडून गेल्या.

"बाई, तुम्ही आत थांबा," तो म्हणाला. "तुमच्या साडीच्या रंगानं पक्षी बुजतो."

साडी मातकट होती, आणि वाफ्यात बसलेल्याची टोपी लाल. आत जाऊन बाईंनी चहा ठेवला, स्वतःपुरता.

कप हातात घेऊन त्या खिडकीशी आल्या, तेव्हा पाचही जण श्वास रोखून झाकणाकडं बघत होते. आणि त्यांच्या पाठीमागं, आठ हातांवर, धुण्याच्या दगडाशी भारीट बसला होता. सकाळी सुपात पाखडताना सांडलेलं राळं निवांत टिपत होता. एक एक दाणा चोचीत फिरवायचा, टरफल टाकायचा, पुढचा उचलायचा. इतक्या जवळून बाईंनी तो अजून पाहिला नव्हता. डोळ्याभोवतीचं पिवळसर कडं आता स्वच्छ दिसलं.

एक हाक मारली असती तर पुरे होतं. बाईंनी त्या पाच पाठी नीट बघून घेतल्या आणि चहाचा घोट घेतला. पंधरा मिनिटांनी भारीट कुंपणावरून पलीकडं गेला.

चारला मंडळी कंटाळली. "हितं काय न्हाई," अमरनाथ जाता जाता म्हणाला. "आणि बाई, पाखरांना असं खायला घालू नये. शास्त्रीय न्हाई ते."

"हाव का," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तोच फोटो लातूरच्या साऱ्या ग्रुपांवर फिरू लागला. खाली अमरनाथचं नाव होतं. रामलिंग मोबाइल घेऊन तणतणत आले. "हा तर तुमचा फोटो. फोन लावून झाडा त्याला."

"राहू द्या. त्यानं पाहिलाच न्हाई, निदान नाव तरी लागू द्या बिचाऱ्याचं."

संध्याकाळी त्याचाच फोन आला. आवाज खाली उतरला होता. "बाई, पुण्याचे जाणकार विचारून राहिलेत. डोळ्याभोवतीचं कडं पांढरं का पिवळं? फोटोत कळत न्हाई. पिवळं असंल तरच ऑर्टोलन, त्यावरच समदं अडलंय."

"तू पाहिलास म्हणून लिहिलंयस ना? मग सांग की."

"आम्हाला दिसलाच न्हाई, बाई."

"तुमच्या पाठीमागं होता तो, अमरनाथ. धुण्याच्या दगडापाशी. पाव तास."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तूच आत थांबा म्हणालास," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भारीट आणखी चार दिवस येत राहिला. बाईंनी ते कुणाला कळवलं नाही.